तुमचं इंग्रजी ऐकून समोरचा काय ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळचं गाव, शाळा मराठी माध्यमाची, घरात मालवणी. इंग्रजी व्याकरणाने बरं, पण तोंड उघडलं की गावचा हेल येतो. घरच्या होमस्टेवर परदेशी पाहुणे उतरतात आणि पुढे जहाजावर जायचा विचार आहे. तर ब्रिटिश ॲक्सेंट शिकावा की अमेरिकन? आणि या हेलामुळे लोक आपल्याला कमी लेखतात का?

दोन्हींपैकी एकही शिकू नका. कमी लेखतात का, याचं प्रामाणिक उत्तर ‘काही जण लेखतात’ हेच आहे. मात्र त्याचं कारण तुमच्या जिभेत कमी आणि त्यांच्या डोक्यात जास्त असतं. म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. ऐकणाऱ्याला कळलं का, ही एक. ऐकणाऱ्याचं तुमच्याबद्दल काय मत झालं, ही दुसरी. पहिली सरावाने सुधारते, तीही दोन-तीन महिन्यांत. दुसरीतला थोडाच भाग तुमच्या हातात आहे, आणि तो कोणता हे बहुतेकांना माहीत नसतं. लोक मेहनत नेमकी उलट्या जागी करतात: ‘थ’ आणि ‘र’ घासत बसतात आणि ‘पंधरा की पन्नास’ हा घोळ तसाच राहतो.

या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत हे कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवलं. चिनी मातृभाषेच्या लोकांचं इंग्रजी त्यांनी इंग्रजीभाषकांना ऐकवलं. जे ऐकलं ते लिहून काढा, समजायला किती सोपं वाटलं ते सांगा आणि ॲक्सेंट किती जाड वाटला तेही सांगा, अशी तीन कामं दिली. ज्या वाक्यांना ‘फारच जाड ॲक्सेंट’ असा शेरा मिळाला, त्यातलीही बरीच वाक्यं ऐकणाऱ्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती. म्हणजे ॲक्सेंट ऐकू येणं आणि बोलणं न कळणं यांची गाठ आपण समजतो तितकी घट्ट नाही.

आता मत कसं बनतं ते पाहू. ‘कार’, ‘फोर’, ‘वॉटर’ यांच्या शेवटचा ‘र’ घ्या. इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित मानलेल्या उच्चारात तो गळतो आणि तिथे तो स्पष्ट उच्चारणं बऱ्याच जणांना खेडवळ वाटतं. न्यूयॉर्कमध्ये अगदी उलट. विल्यम लबोव्ह यांनी १९६२ मध्ये तिथल्या महाग, मध्यम आणि स्वस्त अशा तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना असा प्रश्न विचारला की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’च यावं. महाग दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याच न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत घरांतही ‘र’ गाळण्याची पद्धत होती. ध्वनी तोच, पण इज्जत दर पिढीला वेगळी. आपण मराठी माणसं ‘र’ लिहिला असेल तिथे म्हणतो. तो तसाच ठेवा. त्याने कोणाचं काही अडत नाही.

यावर कोणी म्हणेल की काही उच्चार मुळातच गोड असतात. १९७४ मध्ये हॉवर्ड जाइल्स आणि पीटर ट्रडगिल यांच्या गटाने हेच तपासलं. ग्रीसमध्ये अथेन्सची बोली प्रतिष्ठेची आणि क्रीट बेटाची बोली गावंढळ समजतात. ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना दोन्ही ऐकवल्या, तर त्यांना दोन्हींत गोडव्याचा म्हणण्यासारखा फरक जाणवला नाही. कुठली बोली कोणाची आहे हे ज्याला माहीत असतं त्यालाच ती गोड किंवा ओबडधोबड लागते.

हे कळायला कोकणाबाहेर जायची गरज नाही. मालवणी हेलात कोणी दोन वाक्यं बोललं की पुण्यामुंबईतला श्रोता हसायच्या तयारीत बसतो. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी रंगभूमीवर गाजवली, त्यानंतर तर हा हेल साऱ्या महाराष्ट्राला प्रेमाचा झाला. पण तोच हेल बँकेच्या मुलाखतीत आला, की ‘भाषा जरा शुद्ध हवी’ असा शेरा पडतो. अभ्यासक याला दोन पट्ट्या म्हणतात. एका पट्टीवर हुशारी, शिक्षण, अधिकार मोजतात. दुसरीवर जिव्हाळा, विनोद, विश्वास. प्रमाण उच्चाराला बहुधा पहिल्या पट्टीवर जास्त गुण मिळतात आणि गावच्या हेलाला दुसरीवर. इंग्रजीतही असंच आहे. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमचा उच्चार पसंतीच्या क्रमवारीत कायम तळाशी असतो, तर स्कॉटिश आणि यॉर्कशरच्या उच्चाराला प्रेमळपणाचे गुण मिळतात. होमस्टे चालवणाऱ्याला दुसरी पट्टी जास्त कामाची, जहाजावरच्या अधिकाऱ्याला पहिली. हे ध्यानात ठेवलं की अर्धी भीती जाते.

काही गोष्टी मात्र जिभेच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एकाच अमेरिकन व्यक्तीच्या आवाजातलं व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवलं. एका गटाला सोबत गोऱ्या चेहऱ्याचा फोटो दाखवला, दुसऱ्या गटाला आशियाई चेहऱ्याचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना नसलेला ॲक्सेंट ऐकू आला आणि व्याख्यानही कमी कळलं. दुसरा प्रयोग शिकागोमधला, शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ कायसार यांचा, २०१० चा. ‘जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्यावाचून राहू शकतो’ अशा धर्तीची वाक्यं परकीय उच्चारात ऐकवली, तर ती लोकांना कमी खरी वाटली. कारण द्वेष नव्हे. ज्या बोलण्याला कानाला थोडे जास्त कष्ट पडतात, ते मेंदूला कमी पटतं. या दुसऱ्या भागावर उपाय आहे: ऐकणाऱ्याचे कष्ट कमी करायचे. पुढचं सगळं त्यासाठीच.

आणखी एक दिलासा देणारा निष्कर्ष. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं की अनोळखी परकीय उच्चाराला इंग्रजीभाषकाचा कान मिनिटभरात, कधी दोन-चार वाक्यांतच सरावतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिल्या मिनिटात महत्त्वाचं काही सांगू नका. मोपा विमानतळावर उतरून आलेला पाहुणा दारात उभा असताना वायफायचा पासवर्ड, जेवणाची वेळ आणि उद्याच्या होडीची भरती-ओहोटी एका दमात सांगितली, तर त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. आधी प्रवास कसा झाला, रस्ता सापडला का, चहा की सरबत, एवढंच. त्याचा कान तुमच्या आवाजाला लागला की मग कामाचं बोला.

कोणते ध्वनी बदलायचे हे ठरवण्याआधी कोणते बदलायचे नाहीत ते सांगतो, कारण तिथेच वेळ वाया जातो. मराठी माणूस ‘थिंक’मधला ‘थ’ जीभ दातांमागे टेकवून म्हणतो. आयर्लंडमध्ये बरेच लोक जवळपास असंच म्हणतात. आपण ‘बोट’, ‘गो’ यांतला ‘ओ’ सपाट म्हणतो, त्यात ‘ओउ’ अशी घसरण नसते. स्कॉटलंडमध्येही नसते. ‘डे’, ‘केक’ यांतल्या ‘ए’चं तसंच. ‘र’ला जिभेचा टोला देणं हेही स्कॉटिश कानाला ओळखीचं. म्हणजे जे ध्वनी आपल्याकडे ‘इंडियन ॲक्सेंट’ म्हणून चिडवण्याचा विषय होतात, ते सुटे सुटे पाहिले तर ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा कोणाच्या ना कोणाच्या तोंडात सापडतात. ‘ट’ आणि ‘ड’ मूर्धन्य असणं, म्हणजे जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावून म्हणणं, हे मात्र आपलंच. ते लगेच कानात भरतं, पण अर्थ क्वचितच बिघडवतं. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मध्ये वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांच्या आपसातल्या इंग्रजीचा अभ्यास करून, गैरसमज नेमके कशाने होतात याची छोटी यादी केली. त्या यादीत ‘थ’ नाही.

मराठीची एक जमेची बाजू सहसा कोणी सांगत नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर आपल्याकडे लिपीतच आहेत. ‘बॅट’, ‘ऑफिस’, ‘हॉल’ हे मराठी शाळेत शिकलेलं मूलही नीट म्हणतं. हिंदी पट्ट्यातल्या मुलाला ‘बैट’ आणि ‘आफिस’मधून बाहेर यायला वेगळा सराव करावा लागतो. ‘स्कूल’, ‘स्टेशन’च्या आधी ‘इ’ लावण्याची सवयही मराठीत फारशी नाही. आणि आपला ऱ्हस्व ‘अ’ इंग्रजीतल्या बिनआघाताच्या, म्हणजे जोर न दिलेल्या, स्वराच्या अगदी जवळचा आहे. त्याचा उपयोग पुढे येईल.

आता जिथे खरोखर घोटाळा होतो ते. पहिला क्रमांक आघाताचा. भारतीय इंग्रजी परदेशी कानाला कितपत समजतं यावर आर. के. बन्सल यांनी केलेलं काम १९६९ मध्ये हैदराबादहून प्रसिद्ध झालं. न समजण्याच्या मोठ्या कारणांत शब्दावरचा चुकीचा आघात त्यात ठळक आहे. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीभाषक मात्र मनातला शब्दकोश जोराच्या अक्षरावरून शोधतो. जोर चुकला की तो भलत्याच पानावर जातो, आणि बाकी सगळे ध्वनी बरोबर असूनही ‘सॉरी?’ म्हणतो.

होमस्टेवर रोज लागणारे शब्द घ्या. ‘हॉटेल’ इंग्रजीत ‘हो-टेल’ आहे आणि जोर ‘टेल’वर. ‘इव्हेंट’मध्ये दुसऱ्या भागावर, ‘डिपॉझिट’मध्ये ‘पॉ’वर, ‘ॲडव्हान्स’मध्ये ‘व्हान्स’वर, ‘गॅरंटी’मध्ये अगदी शेवटच्या ‘टी’वर. ‘कॅटेगरी’त पहिल्या ‘कॅ’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या ‘फो’वर, पण ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, आणि तिथे पहिला ‘फो’ नुसता ‘फ’ उरतो. ‘रिफंड’ नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘व्हेजिटेबल’चे चार तुकडे करू नका, तीनच: ‘व्हेज-ट-बल’. ‘कम्फर्टेबल’चेही बोलताना तीन. काजूला ‘कॅ-शू’, जोर पहिल्यावर. बांगड्याला ‘मॅक-रल’, दोनच तुकडे.

जोर देणं म्हणजे ओरडणं नाही. ते अक्षर लांबवायचं, सूर किंचित चढवायचा आणि बाकीच्या अक्षरांतले स्वर पातळ करून ‘अ’कडे न्यायचे. आपला मराठी ‘अ’ इथे कामाला येतो. ‘बनाना’ म्हणताना पहिला आणि शेवटचा स्वर ‘अ’ करा, मधला ‘ना’ लांब. सरावासाठी साधं रबरबँड दोन अंगठ्यांत धरा आणि जोराच्या अक्षराला ताणा. हाताबरोबर स्वरही लांबतो. रोजच्या कामातले वीस शब्द वहीत लिहा, शब्दकोशाच्या ॲपवर प्रत्येकाचा उच्चार ऐका आणि जोराच्या भागाखाली रेघ मारा. या वीस शब्दांनी जितका फरक पडतो, तितका महिनाभर ‘थ’ घोटून पडत नाही.

आकडे हा आघाताचाच पोटप्रकार, पण महाग पडणारा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत आपण शेवटच्या ‘न’वर विसंबतो, आणि तो ‘न’ वाऱ्यात, पंख्याच्या आवाजात किंवा फोनवर गळतो. ऐकणारा जोरावरून ओळखतो: पंधरा असेल तर ‘टीन’ लांब आणि जोरकस, पन्नास असेल तर जोर ‘फिफ’वर आणि ‘टी’ आखूड. तरीही पैशांच्या बाबतीत यावर सोडू नये. दर सांगताना ‘वन थाउजंड थ्री फिफ्टी, वन-थ्री-फाइव्ह-झीरो’ असं दोनदा सांगा किंवा सरळ कागदावर लिहून दाखवा. फोनवर सावधगिरी दुप्पट. साध्या टेलिफोन लाइनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा जातो, आणि ‘स’ व ‘फ’ यांतला फरक बराचसा त्याच्या वरच्या पट्ट्यात असतो. म्हणून ईमेल पत्ता सांगताना अक्षरं सुटी न सांगता ‘एस फॉर सिएरा, एफ फॉर फॉक्सट्रॉट’ अशी सांगावीत.

दुसरा क्रमांक शब्दारंभीच्या प, ट, क यांचा. इंग्रजीत हे ध्वनी जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला आले की त्यांच्याबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. आपण ते कोरडे म्हणतो, म्हणून इंग्रजी कानाला ‘पॅक’ची ‘बॅक’ आणि ‘कोट’चा ‘गोट’ ऐकू येऊ शकतो. भरतीला ‘टाइड’ म्हणताना कोरडा ‘ट’ पडला तर ‘डाइड’ ऐकू येण्याची शक्यता असते, आणि किनाऱ्यावर ती अफवा नको. कागदाची पातळ पट्टी ओठांपासून चार-पाच सेंटीमीटरवर धरा आणि ‘पेपर’ म्हणा. पहिल्या ‘प’ला पट्टी स्पष्ट हलली पाहिजे, दुसऱ्याला जेमतेम. इथे एक चूक हमखास होते: लोक ‘प’ऐवजी ओठ-दातांचा ‘फ’ काढतात आणि ‘पेन’चं ‘फेन’ होतं. दोन्ही ओठ पूर्ण मिटून, मग हवा सोडायची. ‘स’ आधी असेल तर झोत नको. ‘स्पून’, ‘स्टॉप’, ‘स्कूल’मध्ये आपलेच कोरडे ध्वनी चालतात, ‘ट’ मूर्धन्य असला तरी.

तिसरा, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. मराठी ‘व’ या दोहोंच्या मधला आहे, त्यामुळे इंग्रजी कान ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ यांत गोंधळतो. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून सेकंदभर गुणगुणा, ओठाला मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. ‘डब्ल्यू’साठी दात ओठाला लागूच देऊ नका, ओठ ‘ऊ’सारखे गोल करून तिथूनच सुरुवात करा: ‘उवेस्ट’, ‘उविंड’. मराठीत आपण ‘व्ह’ लिहितो, त्यामुळे काहींच्या तोंडून त्यात खरोखरचा ‘ह’ शिरतो. तो नको. आणि एकदा ‘डब्ल्यू’ जमला की तो सगळीकडे लावायचा मोह होतो, मग ‘व्हेरी’चं ‘वेरी’ आणि ‘व्हेसल’चं ‘वेसल’ होतं. हे मूळ चुकीपेक्षा जास्त कानात खुपतं. सरावाला ‘व्हेरी वेल’, ‘व्हेसल इन द वेस्ट’ अशा जोड्या घ्या, सुटे शब्द नकोत.

स्वरांत दोनच गोष्टी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात आहे, बोलण्यात फारसं नाही, म्हणून ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी हे एकच होऊन बसतं. ‘फिल द टँक’ आणि ‘फील द टँक’ही. नुसतं आखूड करून भागत नाही. ऱ्हस्व ‘इ’ ढिला असतो, ‘ए’च्या दिशेने झुकलेला. तसा झुकवून पाहा. दुसरं असं की इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ‘ड’, ‘ग’, ‘ब’ असेल तर आधीचा स्वर लांबतो, दीडपटीच्या आसपास. ‘बॅक’ आखूड, ‘बॅग’ लांब. इंग्रजीभाषक शेवटचं व्यंजन अर्धवटच म्हणतो आणि ऐकणारा लांबीवरून ओळखतो. आपण स्वर तेवढाच ठेवून व्यंजन ठोकतो, तिथे घोळ होतो.

‘झेड’चा मुद्दा किरकोळ. ‘स’ चालू ठेवून घशात आवाज सुरू करा, झाला. ‘झाड’मधला ‘झ’ त्यापेक्षा जड आहे. शेवटी स्पेलिंग पाहून केलेले उच्चार. खरं तर बऱ्याच चुका मातृभाषेमुळे नाही, पुस्तकामुळे होतात. ‘रिसीट’मध्ये ‘प’ नाही, ‘सॅमन’मध्ये ‘ल’ नाही, ‘आयलंड’मध्ये ‘स’ नाही. ‘स्टॉप्ड’ला ‘स्टॉपेड’ म्हणायचं नाही. आणखी एक नाजूक बाब: काही बोलींत ‘इ’च्या आधीचा ‘स’ ‘श’कडे घसरतो. ‘प्लीज सिट’ म्हणताना तो घसरला तर पाहुणा दचकतो. ज्यांना ही सवय आहे त्यांनी ती सुटेपर्यंत खुर्ची दाखवून ‘टेक धिस चेअर’ म्हणावं.

हेलाबद्दल तुम्ही विशेष विचारलं आहे, आणि मतावर सर्वांत जास्त परिणाम त्याचाच होतो. ध्वनी चुकला तर ऐकणाऱ्याला कळतं की हा परभाषक आहे, आणि तो सांभाळून घेतो. सूर चुकला तर त्याला तो स्वभाव वाटतो. जॉन गम्पर्झ यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेलं उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कँटीनमधलं आहे. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय-पाकिस्तानी बायका उर्मट आहेत अशी तक्रार होती. वाढताना त्या ‘ग्रेव्ही’ एवढा एकच शब्द म्हणत, ब्रिटिश बायकाही तेवढाच म्हणत. फरक असा की ब्रिटिश बाई सूर वर नेई, त्याचा अर्थ ‘ग्रेव्ही वाढू का?’. आपल्या बायका सूर खाली आणत, आणि इंग्रजी कानाला ते ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असं लागे. त्यांच्या मनात तसं काहीच नव्हतं. फरक दाखवून दिल्यावर दोन्ही बाजूंना उलगडा झाला.

आपल्याकडे हे रोज घडतं. वाढताना आपण आग्रह करतो: ‘घेवा, घेवा!’ खाली येणारा ठाम सूर म्हणजे आपुलकी. तोच सूर ‘टेक, टेक’ला लावला की पाहुण्याला हुकूम वाटतो. शिवाय ‘बसा’, ‘थांबा’, ‘सांगा’ यांत आदर क्रियापदातच असतो, इंग्रजीत तो तिथे नाही. ‘सिट’, ‘वेट’, ‘टेल मी’ यांत उरतो नुसता आदेश. उपाय सोपा: एका शब्दात विचारायचं असेल तर सूर वर न्या, ‘सोलकढी?’ असं. दोन शब्द जास्त खर्च करायचे असतील तर ‘वुड यू लाइक सम सोलकढी?’ म्हणा. ‘वेट’ऐवजी ‘जस्ट अ मिनिट, प्लीज’. दुसरी सवय प्रत्येक शब्दावर सारखा जोर देण्याची. किनाऱ्यावर लाटांच्या आवाजावर बोलायची सवय असते, त्यात हा सारखा जोर मिसळला की इंग्रजी कानाला राग वाटतो. वाक्यात एकाच शब्दावर जोर द्या, जो नवीन माहिती सांगतो: ‘द बोट लीव्ज ॲट एट’ यात फक्त ‘एट’. आणि वेग. आपण भराभर बोलतो. प्रत्येक शब्द ओढून हळू बोलण्यापेक्षा वाक्याच्या नैसर्गिक तुकड्यांनंतर थांबा घेणं जास्त उपयोगी. मालवणी हेलातला शेवटचा लांबवलेला स्वर किंवा रत्नागिरीकडचं अनुनासिक यांना हात लावायची गरज नाही. त्याने अर्थ बिघडत नाही.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी वेगळं. समुद्रावरच्या बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये प्रमाण वाक्प्रयोगांचा संच स्वीकारला आहे. तो पाठ करणं हीच तिथली उच्चारशिक्षणाची पहिली पायरी. आकडे सुटे सांगायचे: १५० अंशांना ‘वन-फाइव्ह-झीरो’. बोलण्याआधी प्रकार सांगता येतो: ‘क्वेश्चन’, ‘वॉर्निंग’, ‘इंटेन्शन’. ‘मे’, ‘शुड’, ‘कुड’ असे संदिग्ध शब्द टाळायचे. आणि उच्चारांच्या अधिकृत तक्त्यात तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’, हजाराला ‘टाउझंड’ असं दिलेलं आहे. म्हणजे ज्या ‘थ’साठी शाळेत बोलणी खाल्ली, तो तिथे मुद्दामच काढून टाकलेला. वैमानिकांच्या इंग्रजी परीक्षेतही आंतरराष्ट्रीय श्रेणीत सहा पातळ्या आहेत आणि काम करायला चौथी लागते. त्या पातळीवर उच्चारावर मातृभाषेचा प्रभाव चालतो, फक्त समजण्यात त्याने अधूनमधूनच अडथळा यावा अशी अट असते.

जहाजावर दुसरी अर्धी लढाई ऐकण्याची. फिलिपिनो सहकाऱ्यांपैकी काहींचा ‘एफ’ ‘प’कडे आणि ‘व्ही’ ‘ब’कडे जातो. रशियन-युक्रेनियन माणूस ‘द’, ‘अ’ ही उपपदं गाळतो आणि शब्दान्तीचा ‘ड’ ‘ट’सारखा म्हणतो. ग्रीकाचे ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळतात. आखातात अरबी माणसाचं ‘पार्किंग’ ‘बार्किंग’ होतं, कारण त्याच्या भाषेत ‘प’ नाही. चिनी सहकाऱ्याची शेवटची व्यंजनं गळतात. आपल्याच बोटीवरचा बंगाली ‘व्ही’ला ‘भ’ म्हणतो. हे आधी माहीत असलं की कान लवकर लागतो. कळलं नाही तर नुसतं ‘येस’ म्हणू नका. ‘से अगेन’ म्हणा, आणि आकडा कळला तरी परत म्हणून दाखवा. दोन परभाषक एकमेकांना कधी कधी इंग्रजीभाषकापेक्षाही सहज समजतात, असंही अभ्यासात आढळलं आहे, तेव्हा या बाबतीत न्यूनगंडाला कारण नाही.

मुलाखतीबद्दल कटू असलं तरी सांगायला हवं. मराठी वळणाच्या इंग्रजीला सर्वांत कडक गुण परदेशी माणूस देत नाही, मुंबईतला आपलाच कॉन्व्हेंटवाला देतो. वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६० मध्ये माँट्रिअलला हेच पाहिलं होतं: एकच द्विभाषिक माणूस फ्रेंच आणि इंग्रजीत बोलला, तर त्याच्या इंग्रजी आवाजाला खुद्द फ्रेंचभाषकांनीही बऱ्याच गुणांत वर ठेवलं. अशा माणसापुढे उसना अमेरिकन ‘र’ लावून गेलात तर दोन वाक्यांनी तो निसटतो, आणि निसटलेला ॲक्सेंट मूळ ॲक्सेंटपेक्षा वाईट दिसतो. एकसारखा, आघात नीट असलेला, न घाई केलेला मराठी उच्चार जास्त टिकतो.

सरावाला रोज पंधरा मिनिटं पुरतात. पहिले दोन आठवडे फक्त आघात आणि आकडे, मग आठवडाभर प-ट-क, नंतरचा आठवडा ‘व्ही-डब्ल्यू’, शेवटी स्वर आणि सूर. सगळं एकदम धरलं तर काहीच बसत नाही. प्रगती मोजायची पद्धत तीच ठेवा जी अभ्यासक वापरतात. पंधरा वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करा, ज्यांत पुढचा शब्द अंदाजाने ओळखता येणार नाही, आणि गावाबाहेरच्या माणसाला एकदाच ऐकवून लिहून काढायला सांगा. किती शब्द बरोबर आले ते मोजा. महिन्याने तसाच नवा संच. गावातल्या मित्राला देऊ नका, त्याचा कान तुमच्या चुका भरून काढतो. मोबाइलवरच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीनेही तपासता येतं, पण भाषा ‘इंग्लिश, इंडिया’ ठेवली तर ती आपल्या उच्चारांना सांभाळून घेते. ‘युनायटेड किंगडम’ निवडा आणि पूर्ण वाक्यांऐवजी सुट्या शब्दांच्या जोड्या म्हणा: ‘शिप-शीप’, ‘बॅक-बॅग’, ‘व्हाइन-वाइन’. वाक्य दिलं की यंत्र संदर्भावरून शब्द ओळखतं आणि तुमचा उच्चार सुधारला असा चुकीचा समज होतो.